दारावरचा कागद

तो कागद मी काढला. वाऱ्याने उडाला नाही की कुणा पर्यटकाने फाडला नाही. गेनामावशीला मी खोटं सांगितलं आणि तिने ते खरं मानल्यासारखं केलं. म्हणून आधीच सांगून मोकळी होते. पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेऊ नये.

प्लोव्हदिव्ह शहराच्या जुन्या भागात, टेकडीच्या पायथ्याशी एक चार मजली इमारत आहे. दगडी जिना, लिफ्ट नाही, अंगणात अंजिराचं झाड. आठ बिऱ्हाडं होती, त्यातली सहा आता देल्यानची. देल्यान म्हणजे माझा मालक, चौतीस वर्षांचा, माझ्या मुलापेक्षा लहान. त्याने त्या सहा घरांचे सर्व्हिस अपार्टमेंट केलेत. पांढऱ्या चादरी, पांढरे कप, दोन पातेली, भिंतीवर कुठल्यातरी शेताचं चित्र आणि दारामागे काय काय करू नये याची यादी. लोक चार दिवस राहतात, फोटो काढतात, जातात. किल्ल्या देणं, चादरी बदलणं, नळ गळला तर माणूस बोलावणं, हे माझं काम. माझं नाव झ्लातका. मी राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिमेंटच्या ब्लॉकमध्ये. तिथे कुणी फोटो काढत नाही.

उरलेल्या दोन घरांत माणसं राहत होती. तिसऱ्या मजल्यावर गेनामावशी, वय ब्याऐंशी, कानाने तिखट आणि जिभेने त्याहून तिखट. चौथ्यावर मास्तर.

मास्तरांचं खरं नाव कोस्ता व्लाहोव. तरुणपणी शाळेत भूगोल शिकवायचे. मग एक दिवस त्यांना शाळेतून काढलं आणि पुढची पंधरा वर्षं त्यांनी तंबाखूच्या गोदामात गठ्ठे उचलले. तरी गल्लीने त्यांना मास्तर म्हणायचं सोडलं नाही. का काढलं ते मला गेनामावशीने सांगितलं. मास्तरांना एक धाकटा भाऊ होता, मेतोदी, नऊ वर्षांनी लहान. होड्यांच्या शर्यतीत वल्हवायचा. चौऱ्याहत्तर साली संघाबरोबर पश्चिमेकडे शर्यतीला गेला तो परत आलाच नाही. कम्युनिस्टांच्या त्या काळात पळाला तो सुटला. भोगलं मागे राहिलेल्यांनी. मास्तरांची नोकरी गेली. आई सात वर्षं वाट बघून गेली. पुढे राजवट बदलल्यावर भावाची पत्रं यायला लागली, तेव्हा मास्तरांनी ती न फोडता परत पाठवली, एकूण एक. मग पत्रंही थांबली.

माझ्यासमोर मास्तर भावाबद्दल एकच वाक्य बोलायचे. मी मुद्दाम विचारायचे, “मास्तर, तुम्हाला भाऊबिऊ नाही का कुणी?”

“होता एक. माझी बॅग घेऊन गेलाय.”

अख्ख्या घरात एकच चांगली बॅग होती म्हणे, मास्तरांची. शर्यतीला जाताना त्यांनी ती धाकट्याला दिली होती.

माझी आणि मास्तरांची मैत्री भांडणातून झाली. पर्यटक चाकांच्या बॅगा दगडी जिन्यावरून ओढत आणतात. धडधड, धडधड, पायरीपायरीला. मास्तर चिडायचे. मोठ्या कागदावर चार भाषांमध्ये लिहून मुख्य दाराला चिकटवायचे: ‘बॅग उचला. इथे माणसं राहतात.’ देल्यान राहतो राजधानीत, पण दारावर त्याने कॅमेरा बसवलाय. कागद दिसला की त्याचा फोन, आणि फोन आला की मी कागद खरवडायला हजर. अकरा वाजता मास्तर कॉफीला खाली यायचे. जिन्याखाली माझी कपडे धुण्याची खोली आहे, तिथे दोन स्टुलं टाकून आम्ही बसायचो.

“काढलास?” मास्तर विचारायचे.

“काढला.”

“बरं. उद्या लावतो. बघू, माझे कागद आधी संपतात की तुझी नखं.”

सहा वर्षं हा खेळ चालला. मास्तरांचा कागद दिसला की काढायचा, ही माझ्या हातांना सवयच लागली होती. हे लक्षात ठेवा.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी, एका मंगळवारी, दोन नंबरला पाहुणा आला. दोन नंबर म्हणजे पहिल्या मजल्यावरचं जुनं व्लाहोवांचं घर. मास्तर राहत ते वरचं घर त्यांच्या वारलेल्या बायकोच्या माहेरचं. खालचं आईबापांचं घर बरीच वर्षं कुलपात होतं, मग त्यांनी ते देल्यानच्या बापाला विकलं आणि पुन्हा कधी त्या दारातून डोकावले नाहीत. पाहुण्याच्या पासपोर्टवर मॅथ्यू वॉलस, कॅनडा, असं होतं. सत्तरी ओलांडलेला, उंच, खांदे अजून रुंद. आपली भाषा बोलत होता, पण माझ्या वडिलांच्या तोंडी असायचे तसे शब्द.

“भाषा छान येते हो तुम्हाला,” मी म्हटलं.

“आई इथली,” तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. तो मेतोदी होता. तुम्हाला आत्ता सांगतेय. मला शनिवारी कळलं. दहा दिवसांसाठी त्याने घर घेतलं होतं आणि त्याचं काम एकच होतं. तीन मजले चढायचे आणि भावाच्या दारावर टकटक करायची.

पहिल्याच तासात ते होऊन गेलं असतं. मी किल्ली घेऊन वर उभी होते, तो भली मोठी बॅग जिन्यावरून ओढत येत होता, धडधड, धडधड. मागून मास्तर बाजारातून आले. दोन्ही हातांत लाल मिरच्यांच्या पिशव्या. सप्टेंबर आहे, घरोघरी मिरच्या भाजून हिवाळ्यासाठी बरण्या भरायचे दिवस.

“ओ साहेब!” मास्तर खालून ओरडले. “बॅग उचला. इथे माणसं राहतात.”

पाहुणा वळला. मास्तरांकडे बघून त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, ती जड बॅग एका हाताने उचलली आणि अंग चोरून बाजूला उभा राहिला. मास्तर त्याच्या पाठीमागून वर गेले. जाताना दोन पायऱ्या वर गेल्यावर थांबले, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, दम लागला असेल.

“माफ करा,” तो म्हणाला, पण इतक्या हळू की ते माझ्याच कानावर पडलं.

बुधवारी मी दोन नंबरची खोली आवरायला गेले, तर तो स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून उभा.

“इथे चूल होती,” म्हणाला.

“असेल. मी आले तेव्हापासून इथे फ्रीज आहे.”

खुर्चीवर एक जुनी तपकिरी बॅग होती, लहानशी, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली, चाकं नसलेली. मोठ्या बॅगेतून तिला एवढ्या लांब आणलं होतं आणि आता तो फडक्याने पुसत होता.

“जुन्या बाजारातून घेतलीत का?”

“नाही. उसनी आहे. परत द्यायची राहिली.”

माझ्या डोक्यात तिथेच प्रकाश पडायला हवा होता. पण मला तीन नंबरच्या चादरी बदलायच्या होत्या. ज्याला चादरीच दिसतात त्याला माणसं दिसत नाहीत, त्याला कोण काय करणार?

त्याच दिवशी अकरा वाजता मास्तर कॉफीला आले. दाराला कागद लावला नव्हता त्यांनी. कॉफीबरोबरची लोकुमची गोड वडी बशीत तशीच राहिली.

“दोन नंबरचा कुठला ग?” त्यांनी विचारलं.

“कॅनडाचा.”

“हं.” त्यांनी कपाचा कान फिरवला. “पाठ वल्हवणाऱ्याची आहे.”

“तुम्हाला हो काय कळतं पाठीतलं?”

“पंधरा वर्षं पाठीवरच तर खाल्लंय मी.” कप उचलला, परत ठेवला. “किती दिवस आहे तो?”

“दहा.”

“मग वेळ आहे,” मास्तर म्हणाले आणि कॉफी न संपवता उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कॉफी टाकली.

वेळ नव्हता. गुरुवारी सकाळी ते बाल्कनीत मिरच्या भाजत होते. वास अख्ख्या जिन्यात पसरला होता. दहाच्या सुमारास गेनामावशीला वरून खुर्ची पडल्याचा आवाज आला. अँब्युलन्सची माणसं त्यांना खुर्चीत बसवूनच खाली घेऊन गेली. माझ्यासमोरून नेताना मास्तरांनी हात हलवला, बोट वर केलं, वरच्या मजल्याकडे की पहिल्या मजल्याकडे ते मला कळलं नाही. पाहुणा घरात नव्हता. तो रोज सकाळी शहराबाहेरच्या कालव्यावर जायचा, जिथे पोरं वल्हवायला शिकतात. संध्याकाळी सहाला दवाखान्यातून गेनामावशीला फोन आला आणि तिने लगेच मला केला. मी बसमध्ये होते. अख्खी बस माझ्याकडे बघेपर्यंत मी रडत होते हे मला कळलंच नाही.

शुक्रवारी सकाळी गेनामावशीने कागद लावला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो, काळी चौकट, कधी आणि कुठे मातीला यायचं, खाली मागे राहिलेल्यांची नावं, असा कागद घराच्या दारावर लागतो. चाळीस दिवसांनी नवा लागतो, वर्षाने नवा. कुणी कुणाला फोन करत बसत नाही. येणारा-जाणारा दार वाचतो. तिने एक कागद चर्चपाशी लावला, एक मास्तरांच्या जुन्या शाळेच्या फाटकाला, आणि एक आमच्या दाराला, चारी बाजूंनी खळ लावून. फोटोत मास्तर टाय घालून, एक भुवई उंचावून बघत होते. जणू विचारतच होते, काढतेस का?

साडेबाराला देल्यानचा फोन.

“झ्लातकामावशी, दारावर काय लावलंय?”

“मास्तर गेले रे.”

“अरेरे. देव त्यांना क्षमा करो.” पोरगा वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. “पण आज सहा जण येतायत, लग्नाची पार्टी आहे. मागच्या वर्षी त्या बाईने काय लिहिलं होतं आठवतंय ना? रस्त्यात जिकडेतिकडे फरार गुन्हेगारांचे फोटो लावलेत, भीती वाटते म्हणून.”

“गुन्हेगार कसले, आपलीच गेलेली माणसं.”

“तिला काय माहीत? शिवाय आपल्याच दारावर! मावशी, रविवारी जातायत ते. रविवारी संध्याकाळी परत लाव. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

मी भांडायला हवं होतं. मी भांडकुदळ बाई आहे, नळवाल्याशी भांडते, बसवाल्याशी भांडते, नवऱ्याशी तर तीस वर्षं भांडले. त्या दिवशी नाही भांडले. थकले होते आणि मनात म्हटलं, खरंच, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. खळ अजून ओली होती. कागद अख्खा निघून हातात आला, कुठे फाटला नाही. मी तो वाचला नाही. चष्मा गळ्यात लटकत होता, पण मातीची वेळ मला ठाऊक होती आणि त्या भुवईकडे बघवत नव्हतं. चादरींच्या कपाटात, उशांच्या अभ्र्यांमध्ये तो सपाट ठेवून दिला.

संध्याकाळी पाहुणा परत आला. मी फरशी पुसत होते. आत यायच्या आधी तो दारासमोर थांबला. दाराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, हात लावला आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, दारावरचं कोरीवकाम बघतोय. पर्यटक बघतात.

“सगळं ठीक ना?” मी विचारलं.

“ठीक,” तो म्हणाला. “सगळं ठीक दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, दहाला त्याने माझ्याकडे इस्त्री मागितली. मी काळ्या कपड्यांवर कोट चढवून निघालेच होते. पाहुण्यांसमोर मरणाचा विषय काढायचा नाही, हा देल्यानचा नियम.

“आज एकाकडे जायचंय,” तो म्हणाला. चेहरा परीक्षेला बसणाऱ्यासारखा. “चार दिवस नुसतं उद्या-उद्या करतोय. आज जायचंच.”

“जा की मग. शर्ट चांगला कडक करा,” मी म्हटलं आणि इस्त्री त्याच्या हातात दिली.

मी मास्तरांना माती द्यायला गेले आणि तो खाली मास्तरांसाठी शर्टाला इस्त्री करत राहिला. हे मनात आलं की अजून माझं जेवण अडतं.

मातीला आम्ही अकरा जण होतो. त्यातले चार मास्तरांचे जुने विद्यार्थी, तेही आता म्हातारे. साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू गेनामावशी वाटत होती आणि घेणारा प्रत्येक जण म्हणत होता, देव त्यांना क्षमा करो. माझ्यापाशी आल्यावर तिने विचारलं, “दारावरचा कागद कुठे गेला ग?”

“वारा होता काल.”

“चारी बाजूंनी खळ लावली होती मी.”

“मग त्या लग्नाच्या पार्टीतल्या कुणीतरी...”

तिने माझ्या नखांकडे बघितलं. नखांत खळ होती. तिने माझ्या हातात दोन पुडे दिले. “एक तुला, एक वाटेत भेटेल त्याला.”

बसमधून मी तिच्या आधी परतले. काय वाटलं कुणास ठाऊक, सरळ चौथ्या मजल्यावर गेले. मास्तरांच्या दाराला गेनामावशीने काळी फीत बांधली होती. त्या फितीखाली, पायरीवर, पाहुणा बसला होता. कडक पांढरा शर्ट, मांडीवर ती तपकिरी बॅग.

“कधी?” त्याने विचारलं.

“गुरुवारी.”

“माती?”

काळे कपडे आणि हातातले गव्हाचे पुडे त्याला दिसत होतेच.

“आत्ता?” तो म्हणाला. “आत्ता झाली? मी खाली इस्त्री करत होतो तेव्हा?”

“तुम्ही मास्तरांचे कोण?”

“भाऊ.” बॅगेच्या कडीशी त्याची बोटं चाळा करत होती. “पण दारावर कागद नव्हता. मी रोज आत येताना आधी दार बघायचो. मी इथलाच आहे, मला माहितीय कुठे बघायचं ते. मंगळवारी बघितलं, बुधवारी बघितलं. काल बाल्कनीत दिसला नाही, म्हणून काल मुद्दाम थांबून बघितलं. कागद नाही, म्हणजे आहे. मग म्हटलं, घाई नको. उद्या चांगला शर्ट घालून जाऊ.”

खाली कुणीतरी दार आपटलं.

“कागद होता,” मी म्हटलं. “मी काढला.”

तो बघत राहिला. ओरडला असता, मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने एवढंच विचारलं, “फेकलात?”

“नाही.”

मी खाली धावले. कपाटातून अभ्रे खाली पडले ते तसेच टाकले आणि कागद घेऊन वर आले, तोवर गेनामावशी चौथ्या मजल्यावर पोहोचली होती. कठड्याला धरून धापा टाकत ती त्याच्याकडे बघत होती.

“मेतोदी?” ती म्हणाली. “मेल्या, मेतोदी ना तू? पन्नास वर्षं! पन्नास वर्षं आणि दोन दिवस उशीर!” तिने हातातली पिशवी त्याच्या खांद्यावर हाणली, एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा हाणायला उचलली ती तशीच धरून त्याच्याशेजारी पायरीवर बसली आणि रडायला लागली. थोड्या वेळाने पिशवीतून गव्हाचा पुडा काढून तिने त्याच्या तळहातावर ओतला. “खा. आणि म्हण.”

“देव त्याला क्षमा करो,” तो म्हणाला.

“त्याला कशाला, तुला करो. कागद वाचलास का?”

“कुठला कागद?”

गेनामावशीने माझ्याकडे बघितलं. मी कागद पुढे केला. “तो मजकूर कोस्ताने स्वतः लिहिलाय,” ती म्हणाली. “दर नव्या वर्षाला माझ्याकडे एक पाकीट द्यायचा, जुनं परत न्यायचा. म्हणायचा, गेना, मी गेलो की तारीख तेवढी घाल, बाकी एक अक्षर बदलायचं नाही. मी बदललं नाही.”

त्याने कागद गुडघ्यावर पसरला. वाचता वाचता त्याचं बोट खाली सरकत गेलं. मागे राहिलेल्यांच्या नावांखाली, अगदी तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ होती. बोट तिथे थांबलं आणि पुढे हललं नाही. त्याने कागद माझ्याकडे दिला. मी चष्मा लावला. जी ओळ मी शुक्रवारी वाचली असती तर जिन्यात उभं राहून ओरडले असते, ती ओळ मी आता वाचली.

‘सूचना: मेतोदी, माझी बॅग परत आण. रिकामी चालेल.’

असल्या सूचना मी सहा वर्षं दारावरून खरवडून काढत होते. प्रत्येक वेळी ते नवी लावायचे. या वेळी लावायला ते नव्हते.

मास्तरांच्या घराची किल्ली गेनामावशीकडे होती. तिने दार उघडलं. बाल्कनीत खुर्ची अजून आडवीच होती. झाकलेल्या पातेल्यात गुरुवारी भाजलेल्या मिरच्या सोलायच्या राहिल्या होत्या. मेतोदीने बॅग भावाच्या पलंगाशेजारी ठेवली, बाल्कनीत गेला, खुर्ची उभी केली आणि पातेलं मांडीवर घेऊन मिरच्या सोलायला बसला.

“आंबल्यात रे त्या,” गेनामावशी म्हणाली.

“असू दे.”

“खायच्या नाहीत आता.”

“असू दे ग.”

तो एकेक मिरची सोलत राहिला. सालं एका बाजूला, गर एका बाजूला, नीट, सगळं जणू बरणीत भरायचंय असं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “त्याने मला ओळखलं होतं का हो? जिन्यावर?”

मला बुधवारची कॉफी आठवली. पाठ वल्हवणाऱ्याची आहे. किती दिवस आहे तो? मग वेळ आहे. म्हणजे वर मास्तर टकटक ऐकायला बसले होते आणि खाली हा हिंमत गोळा करत होता. मध्ये फक्त तीन मजले होते.

“नाही,” मी म्हटलं. “मास्तरांची नजर अधू झाली होती. त्यांना पर्यटकच वाटलात तुम्ही.”

त्याने मान हलवली आणि पुढची मिरची घेतली. बरं केलं की वाईट, मला माहीत नाही. एक गोष्ट मी उशांच्या अभ्र्यांत लपवली होती, ही पोटात ठेवली. पहिली काढून देता आली, दुसरी देता येणार नाही.

दुपारी तीनला मी गेनामावशीच्या घरी खळ शिजवली. बैल गेला आणि झोपा केला, हे मला कुणी सांगायला नको होतं. मेतोदी माझ्याबरोबर खाली आला. त्याने कागद डोळ्यांच्या उंचीला धरला, मी चारी बाजूंनी हात फिरवला. मागे राहिलेल्यांच्या यादीत गेनामावशीचं नाव होतं, ‘माजी विद्यार्थी’ असं होतं, आणि मी कपाळ आपटावं असं, ‘कपडे धुणारी झ्लातका’ असंही होतं. मेतोदीने खिशातून पेन काढलं आणि त्या यादीच्या वरच्या मोकळ्या जागेत एकच शब्द लिहिला: भाऊ.

माझा फोन वाजायला लागला. कॅमेरा आमच्या डोक्यावरच होता.

“मावशी, हे काय? रविवार म्हटलं होतं ना आपण?”

“देल्यान, नीट बघ. दिसतोय ना कागद?”

“दिसतोय, पण एक नंबरचे आत्ता पोहोचतायत...”

“मग त्यांनाही दिसू दे. चाळीस दिवस राहणार हा. आणि तो काढायला माणूस पाठवशील तर माझ्या जागी चादरी बदलायलाही माणूस पाठव.” फोन बंद करून मी खळीच्या हाताने खिशात टाकला.

एक नंबरचे खरंच पोहोचले. तरुण नवरा-बायको, गोरेपान, हसरे. टॅक्सीतून दोन मोठ्या बॅगा उतरवल्या. बायकोने दारावरच्या फोटोकडे बघितलं, नवऱ्याला कोपर मारलं. आत शिरून त्यांनी पहिल्या पायरीवर बॅगा ओढल्या. धडधड.

मेतोदी दारातून वळला. आवाज चढवला नाही त्याने. कॅनडात पन्नास वर्षं बोललेल्या भाषेत त्यांना काहीतरी सांगितलं, तर दोघांनी लगेच बॅगा हातात उचलल्या आणि हळूहळू वर चढायला लागले. मग तेच त्याने आपल्या भाषेत म्हटलं, माझ्यासाठी की कागदावरच्या भावासाठी, कोण जाणे.

“उचला. इथे माणसं राहतात.”

इथे म्हणजे आता फक्त गेनामावशी राहत होती. ते दोघं वर पोहोचेपर्यंत आम्ही खाली उभे राहिलो, जिन्यात कसलाच आवाज नव्हता.